वाल्तेल्लिना खोऱ्यातील सायकल घाटमार्ग

उत्तर इटलीतील लोंबार्दी प्रांताच्या सोंद्रिओ जिल्ह्यात, आद्दा नदीच्या वरच्या खोऱ्यात व त्याच्या उपखोऱ्यांत असलेले आणि रस्त्यावरील सायकलिंगसाठी प्रसिद्धी पावलेले डोंगरी मार्ग. स्तेल्विओ, गाव्हिया व मॉर्तिरोलो या तीन खिंडींवरील मार्ग त्यांत प्रमुख होत. बॉर्मिओ (सु. १,२२५ मी.) या खोऱ्याच्या शिरोभागी असलेल्या गावापासून कोमो सरोवराजवळच्या कोलिकोपर्यंत आद्दा सु. १,००० मीटर उतरते. खोऱ्याच्या उत्तरेस बेर्निना, दक्षिणेस ओरोबिए आणि ईशान्येस ऑर्टलर हे डोंगरसमूह आहेत. त्यांमुळे मुख्य खोऱ्यातून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता खिंड ओलांडूनच जातो. अपवाद फक्त पश्चिमेकडील सरोवराच्या मुखाचा.

यांपैकी कोणताही मोठा रस्ता सायकलींसाठी बांधलेला नाही. काही साम्राज्याच्या दळणवळणासाठी, काही सैन्यासाठी, काही जलविद्युत प्रकल्पांसाठी, तर काही केवळ गुरे चराऊ कुरणांवर नेण्यासाठी तयार झाले. प्रत्येक मार्गाच्या चढाचे स्वरूप पुष्कळ अंशी त्याच्या या मूळ प्रयोजनावर ठरलेले दिसते. सायकलिंगविषयक लेखनात मार्गांची तुलना बहुधा केवळ उंची व सरासरी चढ यांवर केली जाते आणि हा भाग दुर्लक्षित राहतो.

स्तेल्विओ : सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून १७९७ पर्यंत वाल्तेल्लिना आजच्या स्वित्झर्लंडमधील ग्राउब्युंडेनच्या तीन संघांच्या अंमलाखाली होते. १८१५ नंतर लोंबार्दी ऑस्ट्रियाकडे आली. मिलान व तिरोल यांना परकीय भूमीवरून न जाता जोडणारा रस्ता व्हिएन्नाला हवा होता. त्यापूर्वीची वाहतूक मुख्यतः शेजारच्या उंब्राइल खिंडीतून होई. परंतु तिची उत्तरेकडील उतरण स्विस प्रदेशात जाते. म्हणून अभियंता कार्लो दोनेगानी याने १८२० ते १८२५ या काळात स्तेल्विओवरून नवा रस्ता बांधला. तत्पूर्वी स्प्ल्युगेन खिंडीचा रस्ताही त्यानेच आखला होता. घोडागाड्या व तोफा यांना झेपेल इतपतच चढ ठेवणे आवश्यक असल्याने दोनेगानीने सरळ चढण टाळून रस्त्याची लांबी वळणावळणांनी वाढवली. यामुळेच आजही हा मार्ग उंचीच्या मानाने सौम्य आहे : दक्षिण तिरोलमधील प्रातोकडून सु. २४.३ किमी. अंतरात १,८०८ मी. चढ (सरासरी ७.४ टक्के), तर बॉर्मिओकडून सु. २१.५ किमी. अंतरात १,५३३ मी. चढ (सरासरी ७.१ टक्के). हिमप्रपातांपासून संरक्षणासाठी छत घातलेले बोगदे आणि रस्त्याची देखभाल करणाऱ्या कामगारांसाठी ठरावीक अंतरावर घरे बांधण्यात आली. त्यांतील काही घरे अद्याप उभी आहेत व ‘चौथे घर’ उंब्राइलच्या फाट्याजवळ आहे. १८५९ मध्ये लोंबार्दी ऑस्ट्रियाच्या हातून गेल्यावर खिंड सरहद्दीवर आली, हिवाळी वापर मागे पडला आणि पहिल्या महायुद्धात तिच्या परिसरातील शिखरांवरून प्रत्यक्ष आघाडी गेली.

खिंडीची उंची संदर्भग्रंथांत २,७५७, २,७५८ व ढोबळमानाने २,७६० मी. अशी वेगवेगळी आढळते. पहिल्या दोन आकड्यांत निवड करण्यास सबळ आधार नाही. इटालियन प्रकाशनांत अलीकडे २,७५८ चा वापर वाढला असला, तरी सायकल शर्यतींच्या नोंदींत २,७५७ किंवा २,७५८ असे दोन्ही येतात. पूर्व आल्प्समधील सर्वांत उंच डांबरी खिंड ही स्तेल्विओची ओळख मात्र निर्विवाद आहे. संपूर्ण आल्प्सचा विचार करता फ्रान्समधील इझरान हा तिच्यापेक्षा किंचित उंच ठरतो.

वळणांच्या संख्येचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रातोच्या बाजूला ४८ वळणे असून त्यांना क्रमांकांच्या पाट्या आहेत. पायथ्याशी ४८ पासून सुरू होऊन माथ्याकडे आकडा कमी होत जातो, त्यामुळे या बाजूविषयी मतभेदाला जागा नाही. बॉर्मिओच्या बाजूला मात्र ३४ पासून ४० पर्यंत निरनिराळी संख्या दिली जाते आणि परिणामी संपूर्ण मार्गाची बेरीज कोठे ८२, कोठे ८८ अशी होते. वळण म्हणजे रस्ता जवळजवळ उलट दिशेला फिरणे, की दिशेत लक्षणीय बदल होणे, हे आधी ठरवल्याशिवाय अशा मोजणीला अर्थ उरत नाही. पहिली, म्हणजे काटेकोर, व्याख्या घेतल्यास लहान संख्येकडे झुकावे लागते, आणि प्रवासी पुस्तकांतील मोठे आकडे उत्साहाने मोजलेले असावेत, असे मानणे अधिक सुरक्षित आहे. बॉर्मिओकडील चढ तरीही दुय्यम समजू नये. ब्राउलिओ ओढ्याच्या घळीतील अरुंद जुने बोगदे, त्यानंतर स्पोंदालुंगाच्या कड्यावरील एकावर एक रचलेली वळणे, मग तुलनेने सपाट पठार व शेवटी माथ्याकडे जाणारा उघडा चढ, असे या बाजूचे चार भाग आहेत. बोगद्यांत दिवा लावणे आवश्यक ठरते.

जिरो दि इटालिया या इटलीतील वार्षिक, अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत स्तेल्विओ प्रथम १९५३ मध्ये आला. बोल्झानो ते बॉर्मिओ या टप्प्यात इटलीचा सायकलपटू फाउस्तो कोप्पी याने प्रातोच्या बाजूने चढताना स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेट याला मागे टाकले आणि आपले पाचवे जिरो विजेतेपद मिळवले. १९६५ पासून शर्यतीतील सर्वोच्च बिंदूला कोप्पीच्या नावाने ‘चिमा कोप्पी’ म्हणतात. त्या पहिल्याच वर्षी स्तेल्विओवरील समाप्ती बर्फामुळे माथ्याच्या थोडी खाली आणावी लागली. स्तेल्विओ शर्यतीच्या मार्गात असताना हा मान साहजिकच दुसऱ्या खिंडीला मिळत नाही.

गाव्हिया : बॉर्मिओच्या आग्नेयेस वाल्फुर्वा या उपखोऱ्यातून सांता कातेरिनामार्गे जाणारा हा रस्ता २,६२१ मी. (काहींच्या मते २,६१८ मी.) उंचीवर पोंते दि लेन्यो येथील काम्मोनिका खोऱ्याशी जोडला जातो. पूर्वीच्या खेचरवाटेचे रस्त्यात रूपांतर पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराने केले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रस्त्याची अरुंद रुंदी आणि दक्षिणेकडील तीव्र चढ या उगमाशी सुसंगत आहेत. पोंते दि लेन्योकडून सु. १७.३ किमी. अंतराला सरासरी ७.९ टक्के चढ असून कमाल चढ सु. १६ टक्के आहे.

सरासरी चढाच्या आकड्यांची मर्यादा दाखवणारे उत्तम उदाहरण याच खिंडीचे आहे. बॉर्मिओपासून मोजल्यास अंतर सु. २५.६ किमी. व सरासरी सु. ५.५ टक्के येते. सांता कातेरिनापासून, जेथे रस्ता खऱ्या अर्थाने वर चढू लागतो, मोजल्यास तीच सरासरी साडेसहा टक्क्यांच्या पुढे जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक आरंभबिंदूचा आहे. आरंभबिंदू न सांगता दिलेल्या टक्केवारीवरून मार्गांची क्रमवारी लावणे योग्य नाही. या विषयावरील बऱ्याच तक्त्यांत मात्र तेच केले जाते.

गाव्हिया जिरोमध्ये १९६० साली आला. इमेरिओ मास्सिन्यान माथ्यावर प्रथम पोहोचला, पण उतरणीवर चाके पंक्चर झाल्याने बॉर्मिओतील टप्पा शार्ली गॉल याने जिंकला. ५ जून १९८८ चा टप्पा अधिक परिचित आहे : वाल्मालेंकोतील किएझा गावातून निघालेल्या स्वारांना दक्षिणेकडून चढताना हिमवृष्टीने गाठले, तेव्हा त्या बाजूच्या रस्त्याचा काही भाग कच्चाच होता. बॉर्मिओतील टप्पा नेदरलँड्सच्या एरिक ब्रोइकिंकने जिंकला. एकूण शर्यतीतील आघाडीवीराची गुलाबी जर्सी अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनकडे गेली व अखेरीस शर्यतही त्यानेच जिंकली. माथ्यावर आघाडीवर असलेला योहान व्हान डर वेल्डे उतरणीत गारठून सुमारे पाऊण तास मागे पडला. थंडीत चढापेक्षा उतरण अधिक धोक्याची ठरते, हे त्या टप्प्याने दाखवले. हवामानाचा अडसर पुढेही कायम राहिला : २०१३ मध्ये गाव्हिया व स्तेल्विओ यांचा समावेश असलेला टप्पा रद्द झाला आणि २०१९ मध्ये हिमप्रपाताच्या भीतीने गाव्हिया वगळावा लागला.

मॉर्तिरोलो : उंचीने (१,८५२ मी.) हा मार्ग वरील दोघांच्या जवळही येत नाही, परंतु मात्सो गावाकडून सु. १२.५ किमी. अंतरात सु. १,३०० मी. चढतो, म्हणजे सरासरी साडेदहा टक्के. मधल्या भागात चढ १८ टक्क्यांपर्यंत जातो. कारण उघड आहे. हा राजमार्ग नव्हता, लष्करी रस्ताही नव्हता; खोऱ्यातील गावे व वरची कुरणे यांना जोडणाऱ्या जुन्या वाटांवर पुढे डांबर टाकले गेले. चालत्या गुराला वळणाची गरज गाडीइतकी नसते. ग्रोझिओकडून आणि पलीकडील एदोलोकडून येणारे रस्ते अधिक लांब व सौम्य आहेत.

खिंडीची ओळखही थोडी संदिग्ध आहे. डांबरी रस्ता ज्या ठिकाणी माथा ओलांडतो त्याचे नकाशावरील नाव फोप्पाची खिंड असे आहे, ‘मॉर्तिरोलो’ ही मूळ खिंड थोडी बाजूला व किंचित उंच (सु. १,८९६ मी.) असून शर्यतीमुळे तिचे नाव रस्त्यालाच चिकटले आहे. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या सैन्याने आठव्या शतकात येथे मोठी लढाई केली आणि त्यातील मृतांमुळे जागेला नाव पडले, अशी कथा या भागात सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही. नाव भूरूपाशी निगडित असावे हे मत अधिक संभाव्य वाटते. ज्याची नोंद निश्चित आहे तो संघर्ष बराच अलीकडचा : १९४५ मध्ये ‘फियाम्मे व्हेर्दी’ या प्रतिकार संघटनेच्या तुकड्या येथे फॅसिस्ट दलांशी लढल्या.

शर्यतीत मॉर्तिरोलो १९९० मध्ये एदोलोच्या बाजूने आला व तो टप्पा व्हेनेझुएलाच्या लिओनार्दो सिएर्राने जिंकला. मात्सोची कठीण बाजू पुढच्याच वर्षी वापरण्यात आली. ५ जून १९९४ रोजी मेरानो ते आप्रिका या टप्प्यात इटलीच्या मार्को पांतानीने स्तेल्विओनंतर येथे चढाई करून बाकीच्यांना मागे टाकले. चढावर त्याचे शिल्प २००६ मध्ये उभारण्यात आले.

इतर मार्ग : बॉर्मिओच्या वायव्येस फ्राएलेच्या मध्ययुगीन मनोऱ्यांकडे (सु. १,९४० मी.) जाणारा चढ कड्यावरील सलग वळणांमुळे स्तेल्विओची लहान आवृत्ती वाटतो. त्यापुढील कांकानो व सान जाकोमो ही धरणे मिलान शहराच्या वीजपुरवठ्यासाठी बांधलेली असून आद्देचा उगमही याच परिसरात आहे. २०२० मध्ये, साथीमुळे ऑक्टोबरात ढकललेल्या जिरोचा एक टप्पा स्तेल्विओ ओलांडून येथे संपला व ऑस्ट्रेलियाच्या जाय हिंडलीने तो जिंकला.

बॉर्मिओहून फोस्कान्यो (२,२९१ मी.) व एइरा या खिंडी ओलांडून करमुक्त लिव्हिन्योला, तेथून फोर्कोला (२,३१५ मी.) मार्गे स्वित्झर्लंडमधील पोस्कियाव्हो खोऱ्यात उतरून तिरानोला आणि परत बॉर्मिओला, असा एक मोठा वर्तुळाकार मार्ग होतो, सरहद्द दोनदा ओलांडावी लागत असल्याने ओळखपत्र जवळ असावे. तिरानोहून सरळ बेर्निना खिंडीत (२,३२८ मी.) चढणारा रस्ता लांब पण समंजस चढाचा आहे व काही अंतर तो बेर्निना रेल्वेच्या बरोबरीने जातो.

खालच्या खोऱ्यात मोर्बेन्योहून दक्षिणेकडे सान मार्को खिंडीचा (सु. १,९९० मी.) रस्ता जातो. स्पेनच्या ताब्यातील मिलानला वळसा घालून ग्राउब्युंडेनशी व्यापार करता यावा म्हणून व्हेनिसने १५९२-९३ मध्ये, बेर्गामोचा प्रशासक अल्विसे प्रिउलीच्या कारकिर्दीत, येथे ‘प्रिउला मार्ग’ बांधला. आजचा डांबरी रस्ता त्याच दिशेने जातो, पण सर्वत्र त्याच वाटेवरून नाही; जुन्या फरशीचे अवशेष अनेक ठिकाणी बाजूला दिसतात. सोंद्रिओच्या उत्तरेकडील द्राक्षमळ्यांच्या पायऱ्यांमधून जाणारे रस्ते तसेच वाल्मालेंको व वाल्मासिनो या उपखोऱ्यांतील रस्ते यांना स्थानिक दृष्ट्या महत्त्व आहे.

सपाट भागात आद्देच्या काठाने ‘सेंतिएरो वाल्तेल्लिना’ हा शंभराहून अधिक किमी. लांबीचा सायकलमार्ग कोलिकोला वरच्या खोऱ्याशी जोडतो. तिरानो व बॉर्मिओ यांदरम्यान महामार्ग बोगद्यांतून जातो, त्यामुळे सायकलस्वार जुना रस्ता किंवा हा मार्ग पसंत करतात. जुलै १९८७ मध्ये वाल पोला येथे कोसळलेल्या प्रचंड दरडीने याच टापूतील गावे व रस्ता गाडला गेला होता.

स्तेल्विओ व गाव्हिया साधारणतः मेच्या अखेरीपासून किंवा जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत खुले असतात; तारखा बर्फावर अवलंबून असतात. उन्हाळ्यात काही ठरावीक दिवशी मोटारींना बंदी घालून या खिंडी केवळ सायकलींसाठी खुल्या ठेवल्या जातात. इतर दिवशी, विशेषतः ऑगस्टमध्ये, स्तेल्विओवरील मोटारसायकलींची गर्दी लक्षात घेता पहाटे निघणे सोयीचे ठरते.