खाडीतले मासे मोजायचे तर वल्हं हवं

कोकणच्या खाडीत अभ्यासासाठी माशांची पिल्लं शोधायची असतील, तर मधल्या खोल पाण्यात फारसं काही हाती लागत नाही. ती असतात कडेला, चिपी आणि कांदळ या खारफुटीच्या झाडांच्या मुळांत, जिथे भरतीलाही पाणी जेमतेम गुडघाभर चढतं. मोठे मासे तिथवर सहज पोचत नाहीत आणि कुजक्या पानांवर जगणारे बारीक जीव खायला मिळतात. बोय, काळुंदर, तांबोशी, जिताडा यांचं लहानपण बरंचसं इथेच जातं.

इंजिनाची बोट या जागी निरुपयोगी. पंखा चिखलात रुततो, नाहीतर मुळांत अडकतो. दोन माणसांची वल्ह्याची होडी मात्र वीतभर पाण्यात तरंगते. शिवाय आवाजाचा प्रश्न आहे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं, सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. शेंगाळा माशाची तर बातच वेगळी. त्याच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं थेट आतल्या कानाशी जोडलेली असते, त्यामुळे दुरून येणारं इंजिन त्याला आधीच कळतं. वल्हंही अगदी मुकं नसतं. ते होडीच्या काठावर आपटलं की कडेची बोय उड्या मारत पळते. म्हणून वल्हवणारा माणूस खाडीवरचाच असावा असं माझं ठाम मत आहे. पाण्यात वल्हं कसं घालायचं हे त्याला शिकवावं लागत नाही, आणि पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कुठे टाकायचा हेही तोच सांगतो.

इथे एक मेख आहे. पाग टाकणारा माणूस मासा दिसेल तिथे जाळं टाकतो. अभ्यासाला ते चालत नाही. आधी ठरवलेल्या जागी, ठरावीक वेळा पाग टाकायचा आणि रिकामा आला तरी नोंद करायची. मासे विरळ कुठे आहेत हे त्या रिकाम्या जाळ्यांवरूनच कळतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे फेरी घड्याळ पाहून ठरवता येत नाही. आज अर्ध्या भरतीला नमुने घेतले तर पुढच्या वेळीही अर्ध्याच भरतीला, आणि उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची) तुलना भांगाशी (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीशी) करायची नाही. प्रत्येक जागी पाण्याचा खारटपणा आणि तापमान लिहायचं. मासा ओल्या हातानं धरायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतुसंसर्ग होतो. पाणी भरलेल्या पारदर्शक डब्यात फोटो, पट्टीवर लांबी, की लगेच पाण्यात.

माशाचं वय मात्र असं कळत नाही. त्यासाठी कानातला खडा लागतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, पिल्लांत तर रोजचं एक. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या थरात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य सहसा जास्त सापडतं, त्यामुळे जिताडा गोड्या पाण्यात कधी होता आणि समुद्राकडे कधी वळला याचा अंदाज बांधता येतो. यासाठी मुद्दाम मासा मारायची गरज नाही. बाजारात जिताडा कापून देणाऱ्या मावशींकडे डोकं मागून ठेवावं. (कालवणासाठी तेही कुणीतरी आधीच मागितलेलं असतं, ही खरी अडचण!) जिताडा सहसा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे तेवढे पकडत गेलं की माद्याच संपतात. वयाची नोंद लागते ती यासाठी.

पावसाळ्यात होडीचं महत्त्व आणखी वाढतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बंदरावर उतरणाऱ्या मासळीची आकडेवारी आटते. खाडीत सर्वांत मोठी उलथापालथ नेमकी तेव्हाच होते. नद्यांच्या लोंढ्यानं खारं पाणी मुखाकडे ढकललं जातं, गोड्या पाण्यातले मासे खाली येतात. बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला ही बंदी नाही. पण म्हणून खाडीच्या मुखाशी जायचं नाही. ओहोटीचा ओढा आणि समुद्राची लाट तिथे समोरासमोर येतात. आतल्या फाट्यांतच राहायचं, अंगात लाइफ जॅकेट घालून. राखीव कांदळवनात नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी आधी काढायची. आणि जाळ्यात समुद्रघोडा आला तर तो जागच्या जागी सोडायचा. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.