अतिवास्तव तैलचित्रातील प्रतीके

जागेपणी सहसा एकत्र न येणाऱ्या वस्तू एकाच चित्रात, पण खऱ्याखुऱ्या भासतील अशा रंगवण्याची रीत म्हणजे अतिवास्तववाद (सर्रिअ‍ॅलिझम). फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या १९२४ च्या पॅरिसमधील जाहीरनाम्याने तिला चळवळीचे रूप दिले.

तैलरंग या कामाला सोयीचा. जवसाच्या तेलात घोटलेला रंग सावकाश वाळतो, त्यामुळे छटा एकमेकींत विरघळवता येतात. (मुंबईच्या पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही, आणि कॅनव्हासला बुरशी धरते ती वेगळीच.) १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेतली यथार्थदर्शी चित्रणाची तालीमही इथे कामी येते. सावलीची दिशा चुकली, की स्वप्न नुसते गमतीदार दिसते.

प्रतीकाचा अर्थ बराचसा बघणाऱ्याच्या घरातून येतो. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर कावळा रंगवला, तर मराठी माणसाला दहाव्याचा पिंड आणि कावळा शिवण्याची वाट पाहत ताटकळलेले नातेवाईक आठवतात. मागे लाकडी कठडा आणि दोरीवर वाळणारे धोतर दिसले, तर ती चाळ ठरते आणि खुर्ची कुणा आजोबांची. म्हणूनच 'घड्याळ म्हणजे काळ, पाणी म्हणजे अबोध मन' अशी यादी घेऊन जहांगीर कलादालनात फिरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांची 'मेटास्केप' चित्रे रूढ अर्थाने अतिवास्तव नव्हेत. तरी १९७० च्या दशकातल्या या मालिकेत कल्पित भूमीवर सूर्य आणि चंद्र एकाच वेळी उभे दिसतात. त्यामागे कालिदासाच्या 'शाकुंतला'ची नांदी आहे: 'ये द्वे कालं विधत्तः', काळ ठरवणारे ते दोघे. नांदीत त्यांची नावे येत नाहीत. हा श्लोक ठाऊक नसला तरी चित्र अस्वस्थ करते. ठाऊक असला, तर दिवस-रात्रीची ती गाठ उलगडते.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) बहुतांशी एनॅमल रंगांत काम करत, त्यामुळे ते या नोंदीच्या काठावरचे. पण त्यांना वगळून मुंबईबद्दल लिहिता येत नाही. १९६० च्या दशकात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात असताना त्यांच्यावर तंत्रमार्गातील आकृत्यांचा प्रभाव पडला. पुढे ती तयार प्रतीके मागे पडली आणि घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात सुट्या-सुट्या येऊ लागल्या. वस्तू आणि अवकाशाच्या या नात्याचा विचार त्यांनी 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकात मराठीतच मांडला.