कुटुंबशेती व स्त्रिया, मराठवाड्यातील

अल्प व अत्यल्प भूधारक कुटुंबांच्या शेतीत स्त्रिया करीत असलेले काम आणि त्या शेतीवर त्यांना असलेला अथवा नसलेला अधिकार. कृषिगणनेत एक हेक्टरपर्यंतचा भूधारक अत्यल्प, तर एक ते दोन हेक्टरांपर्यंतचा अल्प मानतात. बालाघाटाच्या हलक्या कोरडवाहू रानात एवढ्यावर वर्ष निघत नाही. त्यामुळे एकच स्त्री सकाळी घरच्या रानात बिनमोल राबते आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या रानात रोजाने जाते.

नांगर, वखर, आता ट्रॅक्टर, आणि बहुतेक ठिकाणी फवारणी पुरुषांकडे. खुरपणी, कापसाची वेचणी, ज्वारीची काढणी-मोडणी, बियाणे निवडणे व गोठा स्त्रियांकडे, अशी ढोबळ वाटणी आहे. स्त्रीने नांगर न धरण्यामागे विटाळाची कल्पना असल्याचे काही अभ्यासक मानतात. इतर ते बैलजोडी व अवजारांच्या मालकीशी जोडतात. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण तिफणीमागे सरते (बी सोडायची वेगळी नळी) धरून तुरीचे बी सोडणे हे पेरणीतलेच कसबी काम स्त्रिया करीत आल्या आहेत. खुरपणीत प्रत्येकीच्या वाट्याला ठरावीक ओळींची पात येते. जिची पात लवकर उरकते ती मागे राहिलेलीला हात देते, मग सगळ्या मिळून पुढची पात धरतात. वेचणी किलोवर, सोयाबीनची काढणी बहुधा एकराच्या गुत्त्यावर (ठरवलेल्या ठोक रकमेवर). तणनाशकांमुळे खुरपणीचे रोज घटले आहेत.

शेतीतील स्त्रियांचा वाटा केव्हापासून वाढला, हा वादाचा मुद्दा आहे. पुरुष ऊसतोडीला, शहरात किंवा बिगरशेती कामांकडे वळल्याने शेतीचे ‘स्त्रीकरण’ झाले, असे एक मत. काम पूर्वीही तेवढेच होते, मोजण्याची रीत बदलली, असे दुसरे. पहिल्या मताला बीड जिल्ह्यात अडचण येते, कारण तेथे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘कोयता’ म्हणून जातात आणि मागे रब्बीची ज्वारी सासू-सासऱ्यांवर पडते. दुसऱ्या मताला जनगणनेच्या प्रश्नावलीचा आधार आहे. १९६१ मध्ये हंगामी कामासाठी हंगामाच्या बहुतांश काळात दिवसाला तासाभराहून अधिक नियमित काम पुरेसे होते. १९७१ मध्ये ‘मुख्य व्यवसाय’ विचारला गेला आणि देशभरात स्त्रियांच्या कामातील सहभागाचा दर कागदावर जवळजवळ निम्म्यावर आला. १९८१ मध्ये मुख्य व सीमांतिक कामकरी अशी फोड झाली, तिची रेषा वर्षातील १८३ दिवस. १९९१ मध्ये ‘शेतावरील बिनमोबदला काम धरून’ असा खुलासा प्रश्नातच घालावा लागला. तरीही उत्तर पुष्कळदा घरचा कारभारी देतो आणि ‘ती घरीच असते’ एवढे सांगून मोकळा होतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत केवळ घरकामाला ९२ आणि घरकामासह सरपण-वैरण गोळा करण्यासारख्या कामांना ९३ हे संकेतांक आहेत. दोन्ही श्रमशक्तीबाहेर धरले जातात. अशा आकड्यांवरून वाढ-घट ठरवताना जपून राहावे हे बरे. यात वेगळेपण १९७२ च्या दुष्काळी कामांचे. त्यांच्या हजेरीपटावर स्त्रीचे स्वतःचे नाव लागले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा.

मालकीची नोंद हा खरा गुंता आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी अंमलात व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने जुन्या हक्कांसाठी आजही १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद) काढावे लागते. पुढे सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागले, की बाकीचे हिस्सेदार, विशेषतः बहिणी, कागदावरून दिसेनाशा होत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ही अट राहिली नाही, आणि ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हे हिंदू वारसाहक्कापुरते. मुस्लिमांसाठीच्या १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाहेर ठेवली होती. व्यवहारात बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते.

सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लागावे म्हणून शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली. तिची पार्श्वभूमी १९८६ चे चांदवड महिला अधिवेशन. शासनाने १९९२ मध्ये पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. अर्ज पतीचा, ही तिची मर्यादा. नाव नसले की पीककर्ज नाही, आणि २०१९ पासूनचा पीएम-किसानचा हप्ताही नाही. शेतकरी आत्महत्येनंतर हे अधिक जाचते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा व विदर्भातील ५०५ विधवांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींच्या नावे कसती जमीन झालेली नव्हती. गायरान कसणाऱ्या दलित स्त्रियांचा प्रश्न निराळा: १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाचे धोरण आहे, पण त्याआधीचा पुरावा उभा करणे त्यांच्याच माथी येते.

आडतीची पट्टी (माल विकल्याची पावती) पुरुषाच्या नावे निघते. स्त्रीच्या हाती राहणारा पैसा म्हणजे शेळ्या, अंडी, वेचलेला सरवा (काढणीनंतर रानात उरलेला माल) आणि बांधावरचे माळवे (भाजीपाला). १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून वाढलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने धाराशिव, लातूर भागात रुजवलेली ‘एक एकर’ पद्धत याच वाटेची. कुटुंबाच्या रानातला एक एकर स्त्रीच्या निर्णयावर सोडायचा, त्यात आधी घरच्या ताटातली धान्ये, डाळी व भाज्या घ्यायच्या. त्या एकराचा सातबारा मात्र बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावेच असतो.