सोर्स कोड हरवलेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बदल करण्याविषयी

मशीद बंदर, भुलेश्वर भागातील काही पेढ्यांची बिले आजही पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहून घेतलेल्या विंडोज प्रोग्रॅमवर निघतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा नसतो, सोर्स कोड (प्रोग्रॅम लिहिताना तयार झालेला मूळ मजकूर) कोणाकडेच नसतो आणि हाती उरते ती केवळ संगणकावर थेट चालणारी एक्झिक्युटेबल फाइल. ती डिसअसेंबलरने (यंत्रभाषेतील आकडे माणसाला वाचता येतील अशा सूचनांत मांडणाऱ्या साधनाने) उलगडून, हवा तो बदल करून पुन्हा बांधता येते. मात्र हे काम नेमके कोठे अडते, हे फाइल आमच्याकडे सोपवण्यापूर्वी आपण जाणून घ्यावे.

कराचा दर एकाच ठिकाणी पूर्णांकात लिहिलेला असेल, तर तो १२ वरून ५ करणे सोपे असते, कारण एका बाइटच्या जागी दुसरा बसतो आणि बाकीची फाइल जागची हलत नाही. (उलगडलेल्या फाइलमध्ये आकडे षोडशमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले, दिसतात, त्यामुळे तेथील १२ म्हणजे प्रत्यक्षात १८ होत.) बिलात नवा रकाना हवा असेल, तर मात्र नव्या सूचनांमुळे पुढचे सारे सरकते आणि त्या भागाकडे बोट दाखवणारा प्रत्येक पत्ता (मेमरीतील जागेचा क्रमांक) बदलावा लागतो. खरी अडचण ही की, पत्ता आणि साधी संख्या यांत दिसायला काहीच फरक नसतो. समजा, आपल्या प्रोग्रॅममध्ये उधारीची मर्यादा ४१,९८४ रुपये असून ती पैशांत साठवलेली आहे. ४१,९८,४०० हा आकडा षोडशमानात ४०१००० असा दिसतो, आणि ३२ बिटांच्या विंडोज प्रोग्रॅममधील सूचना बहुधा याच पत्त्यापासून सुरू होतात. त्या आकड्याला पत्ता समजून सरकवले, तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. उधारीची मर्यादा मात्र गुपचूप बदलते. पत्ते कोठे कोठे आहेत याची यादी काही फाइलींसोबत असते, परंतु जुन्या फाइलींतून ती अनेकदा काढून टाकलेली आढळते.

म्हणूनच काहीही न बदलता पुन्हा बांधलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळली, तरी आम्ही तेवढ्यावर समाधान मानत नाही, कारण काहीच सरकले नसेल तर अशी चूक दिसतच नाही. आम्ही मुद्दाम ठिकठिकाणी काहीही न करणाऱ्या सूचना घालून सगळे पत्ते हलवतो आणि त्या फाइलवर आपली मागील महिन्याची बिले पुन्हा काढून पैशापैशाने ताडून पाहतो. बदल लहान असेल, तर फाइल न सरकवता रिकाम्या जागेत नवा भाग लिहून तिकडे उडी मारून परत येण्याचा मार्ग आम्ही सुचवतो.

प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार प्रोग्रॅमच्या प्रतीचा कायदेशीर ताबा असणाऱ्याला, प्रोग्रॅम ज्या कामासाठी पुरवला गेला त्याच कामाकरिता रूपांतर करण्याची मुभा आहे. त्यामुळे फाइलसोबत खरेदीची पावती किंवा परवाना आणावा, आणि नव्या फाइलवर पूर्ण महिन्याचा हिशोब जुळेपर्यंत जुनी फाइल संगणकावरून काढू नये.