एक वखार, एक बिऱ्हाड: जेम्सटाउन आणि प्लिमथची गल्लत

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीनं, दुसरीत आहे ती, थँक्सगिव्हिंगचं चित्र काढलं होतं. लांबलचक टेबल, मधोमध टर्की, एका बाजूला काळ्या टोप्या घातलेले इंग्रज आणि दुसऱ्या बाजूला, केस मोकळे सोडून, पोकाहोंटस. मी विचारलं, "अगं, ही इथे कशी?" तर म्हणाली, "मावशी, तीच तर सगळ्यांना जेवण देते ना!"

पोरीचं फारसं चुकलं नव्हतं. अमेरिकेच्या इतिहासाची सुरुवात म्हणून लहान मुलांना ज्या दोन गोष्टी हमखास सांगतात, त्यांचा साचा एकच आहे. इंग्रज जहाजातून येतात, पहिल्याच हिवाळ्यात उपासमारीनं गळपटतात, मग तिथलं कुणीतरी येऊन त्यांना मका देतं. पण एक गोष्ट व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनची आहे, १६०७ ची. दुसरी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथची, १६२० ची. मधे तेरा वर्षं आणि आजच्या रस्त्यानं साधारण हजार किलोमीटर. पोकाहोंटस, तिथल्या मूळ रहिवाशांच्या सरदाराची मुलगी, पहिल्या गोष्टीतली. जिच्यावरून थँक्सगिव्हिंगची गोष्ट सांगतात ती प्रसिद्ध मेजवानी प्लिमथला १६२१ मध्ये झाली, तेव्हा तिला जाऊन चार वर्षं झाली होती. इंग्लंडमध्ये ग्रेव्हसेंडला तिचं दफन झालं.

सनावळ्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही, त्या आपल्याच लक्षात राहत नाहीत. मी मुलांना एकच विचारते: जहाजात कोण कोण होतं?

जेम्सटाउनला तीन जहाजं आली. त्यांतून १०४ पुरुष आणि पोरगे उतरले, बाई एकही नाही. लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीनं त्यांना धाडलं होतं, सोनं सापडलं तर उत्तमच या हिशेबानं. मराठी घरातल्या मुलाला हे पटकन समजतं, कारण सुरतेची वखार त्यानं शिवाजी महाराजांच्या गोष्टीत ऐकलेली असते. आणि हे नुसतं सोयीसाठी जुळवलेलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर सर थॉमस स्माइद हेच पुढे व्हर्जिनिया कंपनीचे खजिनदार झाले. जेम्सटाउन वसल्यावर वर्षभरानं, १६०८ मध्ये, त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान हॉकिन्स सुरतेला उतरला. तर जेम्सटाउन ही मुळात वखार. जागा दलदलीची, पाणी मचूळ, आणि आलेल्यांत हात काळे न करणारे खानदानी बरेच. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथल्या सुमारे तीनशे माणसांपैकी साठेक उरली. त्या हिवाळ्यात लोकांनी काय काय खाल्लं ते भाची मोठी झाल्यावर सांगेन. पुढे ही वखार तगली ती तंबाखूवर.

प्लिमथला आलं ते बिऱ्हाड. जहाज एक, मेफ्लॉवर, प्रवासी १०२. त्यात बायका, पोरंटोरं, दोन कुत्रे. भर समुद्रात एक बाळ जन्मलं, त्याचं नाव ओशनस ठेवलं. जॉन हाउलंड नावाचा एक तरुण वादळात पाण्यात पडला आणि लोंबणाऱ्या दोराला धरून वाचला. ही गोष्ट मला तीनदा सांगावी लागली. या लोकांपैकी बऱ्याच जणांनी इंग्लंडच्या चर्चशी फारकत घेतली होती आणि ते आधी हॉलंडात लायडनला राहत होते. तिथून निघण्याचं एक कारण वाचून मी हसले होते: इथे राहिलो तर आपली भाषा आणि आपलं इंग्रजपण जाईल, अशी त्यांना धास्ती होती. दर रविवारी मराठी शाळेत मुलांना गाडीतून नेणाऱ्या आईबापांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

(याच लोकांना बॉस्टनचे प्युरिटन समजणं ही आणखी एक गल्लत. प्युरिटनांना चर्च सोडायचं नव्हतं, सुधारायचं होतं. बॉस्टन १६३० चं, शिवरायांच्या जन्मवर्षाचं. एवढं धरून ठेवलं की पुरे.)

आता मदत करणारे. पोकाहोंटसचं खरं नाव अमोनुट. जेम्सटाउन वसलं तेव्हा ती अकराएक वर्षांची होती, म्हणजे जेम्सटाउनचा म्होरक्या जॉन स्मिथ याच्याशी प्रेमबिम काही नाही. तिनं आपला जीव वाचवला हे स्मिथनं त्या वेळच्या हकिगतीत लिहिलेलंच नाही, बऱ्याच वर्षांनी लिहिलं. म्हणून ही गोष्ट मी "स्मिथ म्हणतो की" अशी सुरू करते. १६१३ मध्ये इंग्रजांनी तिला पळवून ओलीस ठेवलं आणि पुढच्या वर्षी जॉन रॉल्फशी तिचं लग्न झालं, हे मात्र नक्की आहे.

प्लिमथच्या मदतनिसाचं नाव टिस्क्वांटम. मासे पुरून मका कसा लावायचा हे त्यानं शिकवलं, असं पुस्तकात असतं. कोकणात माडाच्या बुंध्याशी मासळीचं खत घालताना ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. मुलांना नवल वाटतं ते भलत्याच गोष्टीचं: त्याला इंग्रजी कसं येत होतं? उत्तर टाळू नये. १६१४ मध्ये हंट नावाच्या इंग्रज कप्तानानं त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं. तिथून लंडन, आणि १६१९ मध्ये घरी. तर गावात कुणीच नाही, सगळं गाव साथीत गेलेलं. इंग्रजांनी प्लिमथ वसवलं ते त्याच ओसाड गावाच्या जागी. आणि हा हंट आला होता कुणाच्या मोहिमेतून? जेम्सटाउनच्याच जॉन स्मिथच्या.

दोन्ही गोष्टींत खरोखर हजर असलेला एक माणूसही आहे, स्टीफन हॉपकिन्स. जेम्सटाउनला निघाला, बर्म्युडाजवळ जहाज फुटलं, तिथून १६१० मध्ये जेम्सटाउनला पोचला, पुढे इंग्लंडला परतला आणि १६२० मध्ये कुटुंबकबिल्यासह मेफ्लॉवरवर चढला. समुद्रात जन्मलेला ओशनस त्याचाच.

मार्च १६२१ मध्ये सामोसेट नावाचा एक मूळ रहिवासी एकटाच चालत प्लिमथच्या वस्तीत आला, इंग्रजीत "या, या" म्हणाला आणि बिअर मागितली. बिअर नव्हती, मग कडक दारू, बिस्किट, लोणी, चीज आणि बदकाचं मांस असं वाढलं. रात्र झाली तरी तो जायचं नाव घेईना. शेवटी त्याला झोपायला हॉपकिन्सच्या घरी पाठवलं आणि रात्रभर त्याच्यावर नजर ठेवली.

"मग हॉपकिन्स झोपला का?" भाचीनं विचारलं. आता ती त्या रात्रीचं चित्र काढतेय. सामोसेट घोरतोय, आणि हॉपकिन्सचे डोळे बशीएवढे.