मलप्रभेचे पाच तुकडे

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक पिरॅमिड वर्षानुवर्षे फिरतो आहे. वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेले तब्बल ९० टक्के. आकडे इतके गोल आहेत, तिथेच शंका यायला हवी. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४६ साली 'अनुभवाचा शंकू' मांडला, त्यात टक्केवारी नव्हतीच. ती नंतर चिकटवली गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारी 'मिडब्रेन'ची शिबिरेही अशाच भाबडेपणावर चालतात. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली सांभाळतो, पट्टीआडून अक्षरे वाचत नाही. मुले नाकाजवळच्या फटीतून बघतात, एवढेच. पालकांनी त्यावर एक रुपयाही घालवू नये.

तरीही दुसऱ्याला शिकवताना आपले शिकणे बदलते, हे खरे आहे. त्यावर उभी असलेली जिगसॉ पद्धत, म्हणजे तुकडे जोडून चित्र पुरे करण्याच्या कोड्यासारखा धडा मुलांत वाटून देण्याची पद्धत, बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांना फार उपयोगाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

ही पद्धत १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात जन्मली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि शाळांत मारामाऱ्या होत होत्या. सामाजिक मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरनसन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात जाऊन बसले. त्यांना दिसले ते असे: बाई प्रश्न विचारतात, सहा-सात हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात, तो चुकला की त्यांचे चेहरे खुलतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहिले होते की नुसत्या एकत्र येण्याने पूर्वग्रह जात नाहीत; त्यासाठी बरोबरीचे स्थान, समान ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. वर्गात यातले सहकार्यच नव्हते. ते आणण्यासाठी धड्याचेच तुकडे करून मुलांत वाटायचे, ही जिगसॉची कल्पना.

उदाहरणार्थ, आपल्या मलप्रभा नदीचा धडा घ्या. वर्गात पंचवीस मुले, पाचपाचांचे पाच गट. प्रत्येक गटात पहिल्याला कणकुंबीतल्या उगमाची माहिती, दुसऱ्याला पठाराच्या उताराची, तिसऱ्याला सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणाची, चौथ्याला कृष्णेला मिळते त्या कूडलसंगमची आणि पाचव्याला खानापूर तालुक्यातच उगम पावून गोव्याकडे जाणाऱ्या म्हादईची. मग उगमवाली पाचही मुले एकत्र बसतात, धरणवाली एकत्र. ती आपला तुकडा समजून घेतात, कसा सांगायचा ते ठरवतात आणि आपापल्या मूळ गटात परततात. शेवटी सर्वांना एकच प्रश्न: अरबी समुद्र इतका जवळ असताना कणकुंबीचे पाणी बंगालच्या उपसागराला का जाते आणि शेजारचीच म्हादई पश्चिमेला का वळते?

हे उत्तर कोणाच्याही एका कागदावर नाही. सगळी खुबी यातच आहे. नेहमीच्या गटकार्यात हुशार मुलगी सगळे लिहिते आणि बाकीचे नाव घालतात, कारण तिला इतरांची गरजच नसते. इथे माहिती मुद्दाम अशी वाटलेली असते की वर्गातल्या सर्वांत हुशार मुलालाही पाचातला एकच भाग ठाऊक असतो. उरलेले चार भाग मिळवायचा मार्ग एकच, शेजाऱ्याचे ऐकणे. चांगले वागा असे सांगावे लागत नाही. ऐकणे हीच प्रत्येकाची गरज होते.

अ‍ॅरनसन यांनी 'कार्लोस' म्हटलेल्या एका मुलाचा अनुभव मला वारंवार आठवतो. त्याची घरची भाषा स्पॅनिश. जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा आपला तुकडा सांगताना तो अडखळे आणि मुले चिडवत. मदतनीसाने एवढेच सांगितले की चिडवून तुम्हाला परीक्षेत काही मिळणार नाही, त्याच्याजवळची माहिती मात्र लागणार आहे. हळूहळू मुले नेमके प्रश्न विचारू लागली आणि कार्लोस मोकळा होत गेला. जांबोटी-कणकुंबीकडे घरी कोकणी बोलणारी किंवा बेळगाव शहरात घरी कन्नड, उर्दू बोलणारी मुले मराठी शाळेत येतात, तेव्हा त्यांची अवस्था फार वेगळी नसते.

आता स्मृतीकडे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिणारे त्यांना मागे टाकतात. आठवण बाहेर काढण्याची खटपटच ती पक्की करते. म्हणून जिगसॉत मूळ गटाकडे येताना कागद पालथा ठेवायला लावावा. वाचून दाखवले तर सांगणाऱ्याचा हा फायदा जातो.

आणि ऐकणाऱ्याचे काय? इथे पद्धत लंगडी पडते. मूल आपला तुकडा पक्का करते, दुसऱ्यांचे चार कच्चे राहू शकतात. फ्रान्समधल्या शाळांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच प्रयोगांत जिगसॉने गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे प्रशिक्षणात कुणी 'दुप्पट निकाल' सांगू लागला तर मानू नये. शिक्षकाने तज्ज्ञ गटांत, म्हणजे एकच तुकडा मिळालेली मुले एकत्र बसतात तिथे, फिरून चुका तिथेच दुरुस्त करायला हव्यात. चुकीचा तुकडा पाच गटांत पोहोचला की तो काढणे कठीण.

गटात बसण्याची सवय आपल्या मुलांना नली-कली या कर्नाटकातल्या सुरुवातीच्या इयत्तांच्या कृतियुक्त शिक्षणपद्धतीमुळे आहेच. पण तिथे मुलाला किती मदत लागते यावर गट ठरतो. जिगसॉत गट मुद्दाम मिसळलेले हवेत, आणि काही आठवडे तेच ठेवावेत. तुकडा एकेकट्याला न देता शक्य तिथे दोघांना द्यावा, म्हणजे सुगीत एखादे मूल आले नाही तरी धडा अडत नाही. आणि नविलतीर्थचा तुकडा कन्नडमध्ये द्यायला हरकत नाही. तो कन्नड घरातल्या मुलाला द्यावा. मग धरणाविषयी काहीही विचारायचे तर बाकीच्या चौघांना त्याच्याकडेच वळावे लागेल.