अमेरिकेतल्या ब्लॅक बायका, नोकरी आणि मुलं: मागची गोष्ट

मार्च २०२२ मध्ये ब्लॅक जज केतांजी ब्राऊन जॅक्सन अमेरिकेच्या सिनेटच्या कमिटीसमोर बसल्या होत्या, सुप्रीम कोर्टाच्या जज म्हणून त्यांचं नाव पुढे आलं होतं, आणि भाषणात मधेच त्या आपल्या दोन मुलींना उद्देशून बोलल्या, की करिअर आणि आईपण दोन्ही सांभाळायची माझी धडपड चालू असताना तुम्हाला ते सोपं गेलं नाही हे मला माहितीये, आणि मला दर वेळी तोल साधला नाही हे मी कबूल करते. मागे बसलेली धाकटी लेक आईकडे अभिमानानं बघतेय असा एक फोटो त्या वेळी खूप फिरला, बऱ्याच जणांना आठवत असेल.

मला तो फोटो फार आवडतो. पण त्यानंतर सगळीकडे जी चर्चा झाली ना, करिअर की मुलं, ती ऐकून वाटलं की हा प्रश्न मुळात ज्या घरातली बाई घरी बसू शकत होती त्या घरातला आहे, म्हणजे गोऱ्या, मध्यमवर्गीय घरातला. ब्लॅक बाईला तू काम करणार का असं कुणी कधी विचारलंच नाही. काम तिच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. तिला भांडावं लागलं ते स्वतःच्या लेकरासाठी वेळ मिळावा म्हणून.

सुरुवात थेट १६६२ पासून करावी लागते. व्हर्जिनियात त्या वर्षी कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं धरायचं, आई गुलाम तर मूलही गुलाम, मग बाप स्वतः मालक का असेना. म्हणजे बाई बाळंत झाली की मालकाची मालमत्ता वाढली. बाळंतीण थोड्याच आठवड्यांत परत शेतावर, तिचं तान्हं एखाद्या म्हातारीकडे नाहीतर सात-आठ वर्षांच्या पोरीकडे, आणि कित्येकींना मालकिणीच्या बाळाला अंगावर पाजावं लागायचं. मूल विकलं जाईल ही धास्ती तर रोजचीच. १८६५ मध्ये गुलामी संपली तरी पुढे कित्येक वर्षं ब्लॅक लोकांच्या पेपरांमध्ये जाहिराती येत राहिल्या, माझा मुलगा अमक्या गावी अमक्याला विकला होता, कुणाला माहिती असेल तर कळवा. त्या जाहिराती वाचताना पोटात तुटतं.

सुटका झाल्यावर या बायकांनी काम कुठलं निवडलं ते बघा, मला यातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. गोऱ्यांच्या घरी राहून स्वयंपाक-झाडलोट करायची म्हणजे स्वतःची पोरं दिवसरात्र दुसऱ्याकडे. म्हणून अटलांटासारख्या शहरात हजारो जणींनी धुणं पत्करलं. सोमवारी घरोघरचे कपड्यांचे गठ्ठे डोक्यावरून आणायचे, पाणी विहिरीवरनं नाहीतर नळावरनं स्वतः वाहायचं, साबण घरीच करायचा, खळ गव्हाच्या कोंड्याची, आणि टब म्हणजे बिअरचं पिंप मधून कापलेलं. अंगणात कपडे उकळत ठेवायचे, दोरीवर वाळत घालायचे, निखाऱ्यावर तापवलेल्या जड इस्त्र्या फिरवायच्या आणि शनिवारी पोचते करायचे. कमरेचा काटा ढिला करणारं काम आणि पैसे अगदी थोडे, पण पोरं डोळ्यासमोर खेळायची, आणि गोऱ्या मालकिणीची नजर पाठीवर नसायची. जुलै १८८१ मध्ये अटलांटाच्या या धोबिणींनी संप केला, १२ पौंड धुण्याला १ डॉलर पाहिजे म्हणून. सुरुवातीला २० जणी होत्या, तीनेक आठवड्यांत आकडा ३००० वर गेला. नगरपालिकेत २५ डॉलरच्या लायसन्सची टूम निघाली तर यांनी कळवलं, भरतो की लायसन्सचे पैसे, पण मग धुण्याचा दर आम्ही ठरवणार. घरात लेकरं, हातात रोजचं काम, आणि वर ही एकजूट! हे करिअर नाही असं कोण म्हणेल?

शिकलेल्या बायकांची गोष्टही त्याच काळातली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच कॉलेजातून आठ वर्षं आधी, १८७८ मध्ये, कॅरोलाइन स्टिल नावाची ब्लॅक बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. नवरा १८७३ मध्ये गेलेला, पदरात दोन मुलं, आणि त्या परिस्थितीत तिनं मेडिकल पूर्ण केलं. बोस्टनच्या एका हॉस्पिटलनं रंगावरून नाही म्हटलं तर ती तिथे जाऊन संचालकांना भेटली आणि जागा मिळवली. पुढे दुसरं लग्न, आणखी मुलं, आणि फिलाडेल्फियात गरिबांसाठी दवाखाना. आनंदीबाई आपल्याला शाळेपासून माहिती असतात, ही बाई पण माहिती असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि आयडा बी. वेल्स. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावानं ब्लॅक माणसांना खटल्याशिवाय ठार मारण्याविरुद्ध लिहिणारी, बोलणारी पत्रकार, १८९५ मध्ये शिकागोत लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि ती अंगावर पिणारं बाळ घेऊनच सभांचे दौरे करायला लागली. तिची अट अशी की जिथे जिथे भाषण तिथे बाळ सांभाळायला कुणीतरी हवं, आणि इलिनॉयच्या बायकांच्या कमिटीनं तशी सोय केलीही. एका सभेत ती बोलायला उभी राहिली, मागे बाळ जागं होतं, आई दिसेना पण आवाज तर येतोय, त्यानं असं काही भोकाड पसरलं की आयडाची पावलं नकळत तिकडे वळली. तेव्हा सभेच्या अध्यक्षबाई स्वतः उठल्या, खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं, बाळाला उचलून बाहेर नेलं आणि भाषण संपेपर्यंत बाहेरच थांबल्या. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. त्याच आयडाला सुझन अँथनीसारख्या, मतदानाच्या हक्कासाठी आयुष्य वेचलेल्या बाईंनी सुनावलं होतं, की लग्न केल्यापासून तुझं लक्ष दुभंगलंय. सुझनबाई अविवाहित होत्या, त्यांचं काम डोंगराएवढं, पण हे बोल आयडाला लागले.

या अध्यक्षबाईंनी जे केलं ते एकदाच घडलेलं नाही. १८९६ मध्ये ब्लॅक महिलांच्या क्लबांची देशभरची संघटना उभी राहिली, मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्ष, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांमध्ये काय होतं तर कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघरं आणि बालवाड्या. सरकारच्या कितीतरी आधी. शेजारीण, मावशी, चर्चमधल्या बायका, आज्या, सगळ्या मिळून मुलं वाढवायच्या, म्हणून तर कुणी मास्तरीण झाली, कुणी नर्स.

सरकारनं मात्र उलटंच केलं. १९३५ चा सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणची पेन्शन आणि बेकारभत्ता देणारा कायदा आला त्यात शेतमजूर आणि घरकामगार वगळले, आणि नोकरी करणाऱ्या बहुतेक ब्लॅक बायका तर याच दोन कामांत होत्या. १९३८ च्या किमान वेतनातूनही घरकामगार बाहेर, ते मिळालं थेट १९७४ मध्ये. त्याहून संताप येतो तो १९४३ च्या लुइझियाना राज्याच्या नियमाचा. मुलं असलेल्या गरजू आयांना जी सरकारी मदत मिळायची, आईनं घरी राहून मुलं वाढवावीत म्हणून, ती कापसाच्या हंगामात बंद करायची, कारण शेतावर माणसं हवीत, आणि याचा फटका मुख्यतः ब्लॅक आयांनाच. पुढे इतर राज्यांनीही हेच उचललं. आणि एवढं सगळं झाल्यावर १९६५ मध्ये सरकारी खात्याचाच एक रिपोर्ट म्हणतो की ब्लॅक कुटुंबांचा प्रॉब्लेम काय, तर बाईच्या हातात घर आहे!

तरी बायका पुढे जातच राहिल्या. १९४३ मध्ये डोरोथी वॉन गणिताची शिक्षिका होती, मुलं सासरी ठेवून व्हर्जिनियातल्याच लँगलीच्या विमान संशोधन केंद्रात गेली, जे पुढे नासाचं झालं. १९७३ मध्ये यव्हॉन ब्रेथवेट बर्क काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची सदस्य असताना बाळंत झाली, अमेरिकेच्या इतिहासात पहिलीच, आणि तिला बाळंतपणाची रजा मिळाली तीही तिथली पहिलीच. देशभरासाठी रजेचा कायदा यायला मात्र १९९३ उजाडलं, तीही १२ आठवडे बिनपगारी, आणि ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीत तर तेवढीही नाही. बिनपगारी रजा कोणाला परवडते हे वेगळं सांगायला नको.

पैसा, नाव असून भागत नाही हे टेनिसपटू सेरेना विल्यम्सनं दाखवलं. सप्टेंबर २०१७ मध्ये मुलगी झाली, सिझेरियननंतर दम लागायला लागला, आधीचा अनुभव होता म्हणून फुप्फुसात गुठळी असणार हे तिला स्वतःलाच कळलं, आणि स्कॅन करा म्हणून तिला नर्सच्या मागे लागावं लागलं. २०२१ मध्ये अमेरिकेत १ लाख जन्मांमागे ६९.९ ब्लॅक माता दगावल्या, गोऱ्या मातांचा आकडा २६.६. हे औषधं नसलेल्या एखाद्या खेड्याचे आकडे नाहीत.

आणि आजी? ती अजून आहेच. २००९ मध्ये मिशेल ओबामांच्या आई, मॅरियन रॉबिन्सन, शिकागोचं घर सोडून व्हाइट हाऊसमध्ये राहायला आल्या, सत्तरी ओलांडलेली, बँकेतली सेक्रेटरीची नोकरी आधीच सोडलेली, नातींसाठी. मुलींची शाळेची ने-आण त्या बघायच्या. एवढा मोठा नोकरवर्ग हाताशी होता, पण स्वतःचे कपडे त्यांनी आठही वर्षं स्वतःच धुतले.